जेम्सला शिक्षा कोणी द्यायची?

भीतीचे व्हिडिओ गेम म्हटले की अंधार, किंकाळ्या आणि रक्त एवढेच डोळ्यांपुढे येते. 'कोनामी' या जपानी कंपनीचा २००१ सालचा 'सायलेंट हिल २' मात्र मुळात एका नवरा-बायकोची गोष्ट आहे. (अर्थात मोठ्यांसाठी, मुलांच्या हाती देण्याजोगा नव्हे.)

जेम्स संडरलँडला बायकोचे, मेरीचे पत्र येते. ती तर तीन वर्षांपूर्वीच आजारपणात गेलेली! पत्रामागोमाग तो धुक्यात बुडालेल्या एका गावात पोचतो. शेवटी उलगडा होतो, की अंथरुणाला खिळलेल्या मेरीच्या तोंडावर उशी दाबून त्यानेच तिला मारले.

हा खून, की तिची सुटका? इथे खेळणाऱ्यांत दोन तट पडतात. घरात वर्षानुवर्षे एखाद्याचे दुखणे काढलेल्या माणसाला जेम्सची कीव येणे स्वाभाविक आहे. पण गेमचे कर्ते त्याला इतक्या सहज सोडत नाहीत. एका शेवटात तो मेरीला आधी सांगतो, की तुझे हाल बघवेनात म्हणून केले. लगेच स्वतःच ते खोडून काढतो. तिचा तिटकारा आला होता, आपले आयुष्य परत हवे होते, हे त्याच्या तोंडून बाहेर पडतेच.

गंमत अशी, की शेवट खेळणाराच ठरवतो आणि ते त्याला कळतही नाही. मेरीचा फोटो नि पत्र पुन्हापुन्हा काढून पाहिले, तर जेम्स गावातून जिवंत बाहेर पडण्याचा संभव वाढतो. जखमी अवस्थेतच फिरत राहिले, अँजेला नावाच्या मुलीचा सुरा सारखा न्याहाळला, की गेम समजतो, याला जगायचे नाही. खरा शेवट कोणता, हे गेममध्ये कुठेच सांगितलेले नाही.

म्हणजे हवा तो अर्थ लावावा? तसेही नाही. बापाच्या अत्याचारातून आलेल्या या अँजेलाला नुसती 'वेडी' ठरवणे चूकच. तिचे दुःख कोणी उघड बोलून दाखवत नाही, पण तिचे बोलणे नीट ऐकणाऱ्याला शंका उरत नाही.

त्रिकोणी लोखंडी डोक्याच्या राक्षसाचे तर पार हसे झाले. मासाहिरो इतो यांनी घडवलेला हा राक्षस म्हणजे जेम्सला मनातून हवी असलेली शिक्षा. जेम्सच नसेल, तर त्याचे काय काम? तरी २००६ च्या सिनेमात तो आला, २००८ च्या 'होमकमिंग' गेममध्ये आला, २०१७ साली 'सुपर बाँबरमॅन आर'मध्ये तर चक्क गोंडस बाहुला होऊन आला. हा राक्षस काढलाच नसता तर बरे झाले असते, असे इतोंनी जाहीरपणे म्हटले. त्यांचा त्रागा समजण्यासारखा आहे. अर्थ खेळणाऱ्यांनी नव्हे, विकणाऱ्यांनी पुसला होता.

२०२४ साली पोलंडच्या 'ब्लूबर टीम'ने हा गेम नव्याने बनवला. त्यात जुने शेवट तर ठेवलेच, वर आणखी दोन घातले. त्रिकोणी डोकेही आहेच, आणि संकल्पचित्रांच्या कामाला खुद्द इतो!