रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतंच आहे

विदर्भातल्या वडनेरसारख्या गावात आठवी-नववीतल्या मुलीचं पोट वारंवार दुखू लागलं की घरचे उपाय ठरलेले असतात. आजी ओवा आणि काळं मीठ चावायला देते, कुणी बेंबी सरकली म्हणतं, मग जंताची गोळी आणि शेवटी हिंगणघाटला सोनोग्राफी. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातला सूर पालटतो : ‘हिला शाळेत जायचं नाही, म्हणून ही नाटकं.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यात भरडली जाणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. अ‍ॅप्ली आणि नेश या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५८ साली ब्रिस्टल परिसरातल्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, हातातलं काम सुटावं इतकं पोट दुखणारी मुलं दर दहांत एक निघाली. दिल्लीच्या शाळांतली पाहणी २०१६ची. किशोरवयीनांत पचनाच्या कार्यात्मक विकारांचं (तपासणीत दोष दिसत नाही, पण काम बिघडलेलं असतं अशा) प्रमाण तिथंही दहा टक्क्यांच्या आसपास. वडनेरसाठी हा आकडा निम्मा धरला, तरी चाळीसच्या वर्गात दोन मुलं होतात.

सोनोग्राफीत गाठ दिसते, सूज दिसते. आतड्याची जाणीव किती हळवी झाली आहे ते दिसत नाही. आतड्यात मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. ती बिघडली की एरवी कळणारही नाही एवढा गॅसचा ताण कळ म्हणून जाणवतो. ही कळ खरीच असते. कधी जुलाबाच्या आजारानंतर, कधी परीक्षेच्या धास्तीनं ती सुरू होते. आणि कधी निव्वळ संडासाच्या दाराला कडी नसल्यामुळे! सकाळी एसटी गाठायच्या घाईत पोट साफ होत नाही, शाळेत संडासला जायची लाज वाटते, म्हणून मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही. मल खडा होतो, दुसऱ्या दिवशी त्रास होतो, त्या भीतीनं ती आणखी रोखून धरते. अशा मुलीला चौथं अ‍ॅसिडिटीचं सिरप देऊन काय साधणार?

‘खरा आजार निसटला तर?’ ही शंका रास्त आहे, विदर्भात तर जास्तच. इथं सिकलसेल आहे आणि त्यातही पोटात कळा येतात, म्हणून ती तपासणी आधी व्हावी. वजन घटणं, शौचात रक्त, झोपेतून उठवणारी कळ, सततची उलटी, ताप, उंची खुंटणं, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यांतलं काहीही असेल तर थांबू नये. यांतलं काही नसेल आणि डॉक्टरांनी नीट तपासलं असेल, तर सोनोग्राफ्यांची माळ लावल्यानं घरची भीती तेवढी वाढते. दुसरा आक्षेप असा, की लक्ष दिलं की दुखणं वाढतं. तो अर्धा खरा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, आईबापांनी दुखण्याची विचारपूस चालू ठेवली तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या; दुसऱ्या विषयात गुंतवलं तेव्हा निम्म्यावर आल्या. पण गुंतवणं म्हणजे खोटं पाडणं नव्हे. ‘दुखतंय हे मला पटतं’ असं एकदा स्पष्ट सांगावं, दर तासाला पोटाची चौकशी करू नये, आणि शाळा चुकू देऊ नये. सकाळी जेवणानंतर दहा मिनिटं संडासात निवांत बसू द्यावं. त्यासाठी घरच्यांनी तिला अर्धा तास आधी उठवावं, आणि पुढच्या पालकसभेत शाळेच्या संडासाची कडी आणि नळाचं पाणी हा विषय काढावा.