कोटेशन मागवण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून बघा

सध्या आमच्या तालुक्यात एक वाक्य फार ऐकू येतंय : "हे पीसी आता बाद झाले, विंडोज ११ घेत नाहीत." शाळा असो, पतसंस्था असो नाहीतर ग्रामपंचायत, हे वाक्य आलं की मागोमाग नव्या खरेदीचं कोटेशन येतंच. पैसा कुणाचा? लोकवर्गणीचा, सभासदांचा, नाहीतर आपल्या घरपट्टीचा. म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, तुमचा-माझाही आहे.

आधी खरं काय ते बघू. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळतात, पण ती तात्पुरती सोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१६ साली घेतलेला, चार जीबी रॅमचा, आजही रोज सुरू होणारा पीसी एका फटक्यात अपात्र! यंत्र बिघडलेलं नाही. फक्त नियम बदललाय.

यावर आपल्याकडे दोन उपाय चालतात. एक, भंगार. दुसरा, 'क्रॅक' मारून काहीतरी चढवायचं. दुसरा जास्त धोक्याचा. ज्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील टाइप होतात, तिथे कुठून तरी उतरवलेली क्रॅकची फाइल चालवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं.

तिसरा रस्ता आहे, लिनक्सचा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ज्याची सुरुवात केली तो लिनक्स. आज तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तोच आहे. जुन्या पीसीसाठी लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती बघा. दोन जीबी रॅमवर चालते, चार असेल तर बरी चालते. त्याहून हलकं हवं तर लुबंटू. दोन्ही फुकट, दोन्ही कायदेशीर. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मिंटमध्ये आधीच असतात, मराठी युनिकोड कीबोर्ड सेटिंगमधून सुरू करता येतो. मुख्य म्हणजे पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. पटलं तर बसवा, नाही तर पेनड्राइव्ह काढा.

"हे आपल्याकडे चालणार नाही" म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सवरच मुलं संगणक शिकतायत. 'काइट' ही राज्य सरकारची संस्था त्यासाठी स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली बनवलेली आहे. आपण मात्र अजून कोटेशनमध्येच अडकलोय.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण फुकट म्हटलं की लोक आंधळे होतात. ज्या टेबलावर टॅली चालतं, तिथे लिनक्स बसवायच्या भानगडीत पडू नका. डीटीपीवाल्यांचं पेजमेकर आणि श्रीलिपी आपल्याकडे सहसा विंडोजवरच वापरतात. जुन्या फॉन्टमधल्या फाइली आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील आणि ते किचकट काम आहे. डिजिटल सहीचा टोकन कधी चालतो, कधी रुसतो. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर बसवताना घाम फुटतो. आणि शिकवणारा माणूस नसेल तर चांगली प्रणालीसुद्धा धूळ खात पडते.

म्हणून सगळं बदला असं माझं म्हणणं नाही. कामाप्रमाणे वाटणी करा. हिशेबाच्या आणि सहीच्या टेबलावर एखादं नवं मशीन घ्या. पत्रं टाइप करणं, इंटरनेट, मुलांचा सराव यासाठी जुनी ठेवा. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तर तेच मशीन ओळखू येणार नाही इतकं पळतं. आणि हा खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत किरकोळ आहे.

माझी मागणी साधी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामसभेत संगणक खरेदीचा विषय आला की तीन प्रश्न विचारा. जुन्या मशीनवर नेमकं काय काम होतं? पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघितलं का? एसएसडी टाकून किती वर्षं निघतील? उत्तरं मिळाली तर खरेदीला खुशाल हात वर करा. नाही मिळाली, तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवा.

गावात लिनक्स येणारी एक-दोन पोरं असतातच. कुणी असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. शाळेपर्यंत निरोप पोचवायचं काम मी करतो.