बुलडोझरखालची जलविद्या

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स महानगराखाली उत्तर अमेरिकेतील सर्वांत विस्तीर्ण प्राचीन सिंचनव्यवस्था गाडलेली आहे. पुरातत्त्वज्ञ ज्यांना होहोकाम म्हणतात, त्या समाजाने ओझ्याचे जनावर किंवा लोखंडी अवजार हाती नसताना सॉल्ट आणि गिला नद्यांचे पाणी शेकडो मैल कालव्यांतून सोनोराच्या वाळवंटात खेळवले. सुमारे हजार वर्षे तिथे मका, घेवडा आणि कापूस पिकला. १८६७ मध्ये जॅक स्विलिंगने हेच बुजलेले कालवे उकरून पुन्हा पाणी सोडले आणि आजच्या शहराचा पाया घातला. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव मिरवणारे हे शहर आता ती राखही डंपरमध्ये भरू लागले आहे.

पुरातत्त्वज्ञ कुशिंगने १८८७-८८ मध्ये उत्खनन केलेली लोस मुएर्तोस ही होहोकाम वस्ती आधी नांगराखाली आणि मग घरांखाली नाहीशी झाली. ला सियुदाद आणि लास कोलिनास या होहोकाम वस्त्यांचे उरलेले अवशेष महामार्ग आडवा आला तेव्हा अभ्यासले गेले. खासगी जमिनीवर राज्याचा कायदा मानवी दफनांना संरक्षण देतो. कालवा, घराची जमीन, कुंभाराची भट्टी यांना मात्र, सरकारी पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल तर, बहुतेक ठिकाणी कुणी वाली नाही.

यात नेमके काय बुडते, हे खापरांनी दाखवून दिले आहे. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी भांड्यांच्या मातीत मिसळलेली वाळू आणि खडकाचा चुरा तपासला. फिकट पृष्ठावर लाल नक्षीची जी भांडी सॉल्टकाठच्या घरोघरी वापरात होती, ती प्रामुख्याने गिलाकाठच्या मोजक्या गावांत घडत होती, असे त्यातून निष्पन्न झाले. होहोकाम वस्त्यांतील चेंडूच्या खेळाची मैदाने याच देवघेवीची ठिकाणे असावीत, अशी त्यांची मांडणी आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस ही मैदाने ओस पडू लागली आणि हा व्यापारही विस्कटला. शेती, उत्सव आणि बाजार एकाच धाग्यात ओवलेल्या समाजाची वीण कुठे उसवली, हे केवळ खापर कुठल्या घरात आणि कुठल्या थरात सापडले यावरून कळते. जागेवरून हललेले खापर संग्रहालयाच्या कपाटाची शोभा वाढवते, साक्ष देत नाही.

कालव्यातील गाळाचेही तसेच आहे. पूर कधी आला, नदीचे पात्र कुठे सरकले, कालवा किती वेळा पुन्हा खोदावा लागला, हे त्या थरांत वाचता येते. चौदाव्या शतकानंतर ही व्यवस्था कोसळली. त्या कोसळण्याची कारणे जाणण्याची निकड आज इतर कुणाहून फिनिक्सलाच अधिक आहे. २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीच्या पाण्याची टंचाई अधिकृतपणे जाहीर झाली आणि २०२३ मध्ये केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींची मंजुरी राज्याला रोखावी लागली. अशा वेळी हजार वर्षांचा जलानुभव खरवडून टाकणे हा विकास नव्हे, आत्मघात आहे.

शिवाय हा वारसा बेवारस नाही. अकिमेल ओ'ओधाम आणि तोहोनो ओ'ओधाम स्वतःला या पूर्वजांचे वंशज मानतात. वरच्या अंगाला वसाहतवाल्यांनी गिलाचे पाणी वळवले, तेव्हा यातील गिलाकाठच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला उपासमार आली. जलहक्काचा कायदेशीर तोडगा निघायला २००४ साल उजाडले. पाणी हिरावणाऱ्यांनीच आता त्यांच्या पूर्वजांच्या खुणाही पुसाव्यात, हे दुसरे हरण ठरेल. बांधकामाचा परवाना देण्यापूर्वी खासगी जमिनीचेही सर्वेक्षण सक्तीचे करणे आणि त्या निर्णयात ओ'ओधाम प्रतिनिधींना अधिकाराचे स्थान देणे, एवढे काम अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाला आजच्या आज करता येते. ते लांबवले, तर उरलेले कालवे येत्या वसाहतींच्या पायाभरणीतच संपतील.