विश्लेषण : जुन्या गाडीचा गंजलेला बोल्ट नेमका कशामुळे तुटतो?

पान्याला पाइप लावून जोर केला की अडकलेला बोल्ट निघतो, नाहीतर तुटतो. जुनी गाडी पुन्हा उभी करू पाहणाऱ्याला दुसरी शक्यता फार महाग पडते. ती टाळण्याचे उपाय सोपे आहेत, फक्त त्यांना वेळ लागतो. आणि गॅरेजशी ठरणाऱ्या रकमेत वेळेचा हिशेब सहसा धरलेलाच नसतो.

गाडी अडते कुठे?

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. टॅक्सीला शहरात २० वर्षांची मुदत होती, ती संपली. खासगी गाडीची नोंदणी मात्र फिटनेस पाहून वाढवून मिळते. त्यामुळे वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली पद्मिनी पुन्हा चालती करण्याची हौस टिकून आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून सुमारे साडेतीन दशके ही गाडी बनली. बहुतेक घरांत ती बाजारभावासाठी ठेवलेली नसते. ती वडिलांची किंवा आजोबांची गाडी असते.

समाजमाध्यमांवर नवा रंग, चकचकीत बंपर आणि शिवून आलेल्या सीटचे फोटो दिसतात. त्याआधीचे काही आठवडे कोणी दाखवत नाही. त्या आठवड्यांत मेकॅनिक गाडीखाली पडून मॅनिफोल्डचे स्टड, मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट, ब्रेकच्या नळ्यांचे नट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू यांच्याशी झटत असतो. इंजिन बांधण्याचे काम ठरलेल्या क्रमाने होते. उघडण्याचे काम कुठे अडेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

बोल्ट इतका धरून का बसतो?

लोखंड गंजते तेव्हा त्याचे आकारमान वाढते. मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा गंज व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मुळातच बारीकशी फट असते. त्या फटीत गंज फुगत गेला की तो पाचरीसारखे काम करतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते, म्हणूनच मुंबई-कोकणातली गाडी आणि सोलापूरकडची गाडी एकाच वयाच्या असल्या तरी उघडताना सारख्या वागत नाहीत.

दोन वेगळे धातू एकत्र आले की प्रकरण आणखी अवघड होते. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण त्यावरचे हेड ॲल्युमिनियमचे. त्यात पोलादी स्टड. ओलावा आणि क्षार मिळाले की या जोडीची जणू छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. त्यातून तयार होणारी पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. मॅनिफोल्डच्या बाजूला रोजचे तापणे आणि थंड होणे आहेच.

एक गोष्ट गंजाशिवायचीही आहे. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के जोर दोन भाग एकमेकांवर दाबून धरायला उरतो. नवा, स्वच्छ बोल्टसुद्धा मुख्यतः घर्षणाशीच झगडत असतो. गंज चढल्यावर हे घर्षण कितीतरी वाढते. बोल्टची ताकद मात्र वाढत नाही, झिजल्यामुळे ती उलट घटलेली असते.

पाइप लावला की काय होते?

८ मिमीचा साधा ८.८ ग्रेडचा बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरला आवळला जातो. पान्यात एक मीटरचा पाइप घालून टोकाला २० किलोचा जोर दिला, तर बोल्टवर जवळजवळ २०० न्यूटन-मीटर पडतात, म्हणजे आवळण्याच्या आठपट. बोल्ट एवढे सोसू शकत नाही. तो सुटण्याआधी पिळतो आणि डोके हातात येते.

पाइप लावणाऱ्याला हे कळत नाही असे नाही. अनुभवी हाताला बोल्ट ‘मऊ’ लागू लागल्याचे लगेच जाणवते. सुटताना बोल्ट झटका देऊन, करकर आवाज करत फिरतो. पिळताना तो रबरासारखा, आवाज न करता वळतो. तिथे थांबायचे असते. थांबले की काम उद्यावर जाते, आणि ठरलेल्या रकमेत ‘उद्या’ बसत नाही. अडचण तिथून सुरू होते.

पाना चुकीचा असेल तर?

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसतो आणि बसतो म्हणून लावलाही जातो. ०.३ मिमीची ही ढिलाई नव्या बोल्टवर खपून जाते. गंजून बारीक झालेल्या डोक्यावर तोच पाना कोपरे खातो आणि षटकोनाचा गोल होतो. पद्मिनी मूळची इटलीची, त्यामुळे तिची मापे मिलिमीटरमध्ये. जुनी जीप अमेरिकी घराण्यातली, ती इंचात. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थची मापे सापडतात. तिथे पान्यावरचा आकडा डोक्याची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या या प्रमाणात आट्यांचा कोनही ५५ अंशांचा आहे, आजच्यासारखा ६० अंशांचा नाही. एकच पेटी तिन्ही गाड्यांना वापरणारे गॅरेज पहिल्याच दिवशी निम्मे कोपरे घालवून बसते.

बारा कोनी रिंग पान्याऐवजी सहा कोनी गोटी पाना घ्यावा. तो कोपऱ्यावर कमी आणि सपाट बाजूवर जास्त दाबतो. आणि फिरवण्याची दिशा एकदा खात्रीने पाहावी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत. ते ‘उघडण्यासाठी’ नेहमीच्या दिशेने जोर करणारा ते आवळतच राहतो.

मग सोडवायचे कसे?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दिवस. तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे, वर आत मुरणारे तेल टाकायचे आणि ते काम रोज करायचे, आठवडाभर. बाजारात त्यासाठी खास फवारे मिळतात. घरोघरी असलेला डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला, त्याच्या नावातला ‘डब्ल्यूडी’ त्याचाच. जुन्या गंजावर खास मुरणारे तेल अधिक उपयोगी पडते. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळणारेही आहेत. ते चालते, पण ॲसिटोन झटकन पेट घेतो. त्यामुळे हे मिश्रण लावलेल्या ठिकाणी नंतर गॅस पेटवणे हा शुद्ध आत्मघात आहे.

तेल मुरल्यावर पाना आधी आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवून पाहावा. ऐकायला उलटे वाटते, पण गंजाची पकड कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. डोक्यावर हातोड्याचे सरळ, मोजके ठोके दिले की आट्यांतला ठिसूळ गंज तडकतो. बिजागऱ्यांच्या फिलिप्स स्क्रूंसाठी हातोडा मारल्यावर स्वतः फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. साध्या स्क्रू ड्रायव्हरने तिथे खाचा घालवण्यापेक्षा तो विकत घेणे बरे.

त्यानंतर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हेड १५० अंशांनी तापले, तर १० मिमीचे भोक सुमारे ०.०३५ मिमीने मोठे होते आणि त्यातला स्टड ०.०१८ मिमीने. फरक केसाच्या जाडीहूनही कमी, पण गंजाची पकड सुटायला तेवढा पुरतो. म्हणून तापवायचे ते स्टडच्या भोवतीचे, शक्यतो स्टड नाही. लोखंडी नट असेल तर नट तापवावा. तांबडा होईपर्यंत तापवलेला बोल्ट किंवा नट पुन्हा वापरू नये, त्याची मूळ ताकद गेलेली असते.

पेट्रोलची टाकी, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकचे रबरी होज आणि रबरी बुश जवळ असतील तिथे ज्योत नकोच. आणखी एक धोका गॅरेजमध्ये फारसा बोलला जात नाही. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असते. ते सुकण्याआधी ज्योत किंवा वेल्डिंग लागले तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

तुटलाच, तर?

इथे एकच प्रश्न विचारायचा असतो : बदलता येईल ते काय, आणि वाचवायचे ते काय? पाट्यांचे यू-बोल्ट बाजारात मिळतात. ते सरळ कापून टाकावेत, त्यांच्यासाठी आठवडाभर तेल पाजत बसण्यात शहाणपण नाही. हेडमधला स्टड कितीही स्वस्त असला तरी तो ज्या हेडमध्ये आहे ते हेड सहज मिळत नाही. तिथे घाई महाग. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०२१ पासून केंद्राच्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मूळ भाग शाबूत राहण्याला त्यामुळे भावनेपलीकडचीही किंमत आली आहे.

तुटलेल्या स्टडचे टोक बाहेर असेल, तर त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड करणे हा उत्तम मार्ग. पाना लावायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगची उष्णता आत पोहोचते. टोक आत गेले असेल, तर बरोबर मध्यभागी खूण करून ड्रिल करावे लागते. बाजारात मिळणारा उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर फार कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला की साधे ड्रिल त्याला भेदत नाही आणि चहाच्या पैशांत मिळणाऱ्या स्टडसाठी हेड लेथवाल्याकडे जाते. आटे गेलेच, तर हेलिकॉइल बसवून नवे करता येतात. ही दुरुस्ती कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही. ॲल्युमिनियममध्ये ती अनेकदा मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते.

मोडण्याचे पैसे कोण देतो?

बहुतेक ठिकाणी जुनी गाडी उक्ती दिली जाते. डेंटिंग, रंग, इंजिन मिळून एवढे रुपये, एवढ्या महिन्यांत. मालकाला खर्च कळल्याचे समाधान मिळते. पण या सौद्यात मेकॅनिकने बोल्टला दिलेला प्रत्येक दिवस त्याच्या खिशातून जातो, आणि मोडलेल्या भागाचा खर्च बहुधा ‘जुनीच होती, गंजली होती’ म्हणून मालकाच्या बिलात येतो. थांबण्याचा तोटा एकाला, घाईचा तोटा दुसऱ्याला. अशा व्यवहारात पाइप लागणारच. त्यासाठी मेकॅनिकला अडाणी किंवा बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्या जागी कोणीही तेच करील.

म्हणून उघडण्याचे काम आणि बांधण्याचे काम वेगळे ठरवावे. उघडणे रोजावर, बांधणे उक्ते. रोजावर दिले की काम लांबते, ही मालकाची भीती खोटी नाही. त्यावर उतारा यादीचा आहे. अवघड जोडांची मोजदाद सुरुवातीलाच करावी, रोज किती सुटले त्याचे फोटो मागवावेत, आणि कोणता बोल्ट कापायचा व कोणत्यासाठी थांबायचे हे दोघांनी आधी ठरवावे. गॅस पेटवण्यापूर्वी फोन यावा, ही अट कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला जाचक वाटत नाही. खरे तर त्याच्या डोक्यावरचे ओझे त्याने उतरते.

तेल टाकण्याचे काम तर मालकाने स्वतः करण्यासारखे आहे. गाडी गॅरेजला जाण्याआधी आठ-दहा दिवस रोज दहा मिनिटे. त्याला ना कौशल्य लागते ना मजुरी. फक्त गाडी दाखल करताना काय, कुठे लावले ते सांगायला हवे.

परत कोणता बोल्ट लावायचा?

निघालेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर जागेचे नाव. पण तो फक्त नमुन्यासाठी. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला मूळ ग्रेडचाच नवा बोल्ट हवा. ८.८ हा आकडा डोक्यावर कोरलेला असतो, ज्यावर काहीच नाही तो तिथे लावू नये. चकाकतो म्हणून स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो. बाजारातला नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमकुवत असतो आणि त्याचे आटे एकमेकांत चिकटण्याची खोडही त्याला असते. नंबर प्लेटला तो शोभतो.

मॅनिफोल्डला पितळी नट आणि आट्यांवर अँटी-सीझ लावले की पुढच्या वेळी पाइपची गरज पडत नाही. मात्र अँटी-सीझ लावलेल्या बोल्टला कोरड्या बोल्टचा टॉर्क देऊ नये. घर्षण कमी झाल्यामुळे तो जास्त ताणला जातो. पाट्यांचे नवे यू-बोल्ट काहीशे किलोमीटर चालल्यावर थोडे बसतात आणि पुन्हा आवळावे लागतात. तोवर गाडी घरी गेलेली असते, म्हणून ही दुसरी फेरी आधीच लिहून घ्यावी आणि तिचे पैसेही.