समुद्र आपल्याकडे नाही, पण...

सांडपाणी शुद्धीकरण म्हटलं की आपल्याला वाटतं, हा समुद्रकाठच्या मुंबईवाल्यांचा प्रश्न. वर्ध्यात कुठे आलाय समुद्र? पण मित्रांनो, जरा नकाशा बघा. पवनारची धाम वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपण सोडलेली घाण तिकडच्या कोळ्यांच्या वाटेला! आणि त्याआधी वाटेतल्या गावांच्या.

आता हिशेब करा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. तीनशे मुलांच्या होस्टेलचं झालं ३२,४०० लिटर, तेही रोज!

शेजारच्या नागपुरात भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात. वीज केंद्राला चालतं, तर आपल्या बागेला का नाही चालणार? निदान आंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपने आणा, टाकीत निवळू द्या, वाळूतून गाळा आणि झाडांना घाला.

फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट दरवर्षी कपाटात जातात. यंदा एक तरी होस्टेलमागच्या नाल्यावर उतरू द्या. सेवाग्रामच्या जिल्ह्यात स्वच्छतेवर भाषणं खूप झाली, आता पाइप टाकूया!