घरबसल्या चाळीस हजार?

परवा रविवारी संध्याकाळी डोंबिवलीला बहिणीकडे गेले होते. चहा झाला, गप्पा झाल्या आणि भाचेसून हळूच म्हणाली, ‘मावशी, जरा आत येता का? एक दाखवायचंय.’ मला वाटलं, नवी साडी वगैरे असेल. तर तिने पुढे केला टाइप केलेला राजीनाम्याचा कागद! खाली सही तेवढी बाकी होती.

सकाळी सातच्या सुमाराची लोकल पकडून दादरला जायचं, संध्याकाळी चेंगरत परत यायचं, येताना लेडीज डब्यात मेथी निवडून घ्यायची. लेक साडेतीन वर्षांची. सासूबाईंचे, म्हणजे माझ्या बहिणीचे, गुडघे आता बोलायला लागलेत. कल्याण-डोंबिवलीतल्या किती घरांची ही गोष्ट आहे, हे मी वेगळं सांगायला नको. नोकरी सोडावीशी वाटणं यात काहीच गैर नाही. पण सोडून करणार काय? तर तिची वेबसाइट. सव्वा वर्षापूर्वी हौसेने सुरू केलेली. उपवासाचे पदार्थ, सणांचे नैवेद्य, दिवाळीचा फराळ असं सगळं. त्यावर जाहिराती येतात आणि जाहिरातींचे पैसे मिळतात. किती? तिने मोबाइल पुढे केला. आपल्या वेबसाइटची माहिती भरली की कमाईचा अंदाज सांगणारी एक सोय इंटरनेटवर असते. तिथे आकडा होता, महिन्याला चाळीस हजारांच्या वर. पगार पंचवीस हजार. मग अडलंय कुठे?

मी म्हटलं, ‘अगं, सही नंतर कर. आधी वही आण.’

मैत्रिणींनो, त्या वहीत जे लिहिलं तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे. कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. वेबसाइटवर आपण जाहिरातीसाठी जागा देतो. गूगलने २००३ मध्ये ‘अॅडसेन्स’ नावाची योजना सुरू केली. त्यात जाहिरातदार गूगल शोधतं, जागा आपली. जाहिरातदाराने मोजलेल्या शंभर रुपयांतले साधारण ६८ रुपये जागा देणाऱ्याला मिळतात. यूट्यूबवरच्या नेहमीच्या लांबीच्या व्हिडिओला हाच वाटा ५५ रुपयांचा आहे. पूर्वी मुख्यतः कुणी जाहिरातीवर क्लिक केलं तर पैसे मिळत. आता जाहिरात किती वेळा दिसली यावर हिशेब होतो. म्हणून पाहायचा आकडा एकच, हजार पानं वाचली गेली की आपल्या हाती किती रुपये पडतात. त्याला हजारी दर म्हणू. महिन्याला वाचली गेलेली पानं भागिले हजार, गुणिले हजारी दर. झाला अंदाज! किलोभर कणकेच्या पोळ्या किती होतात हे जिला सांगता येतं, तिला हे गणित जड नाही.

मग चाळीस हजार कुठून आले? आम्ही दोघींनी शोधून काढलं. तिने वाचकांचा आकडा भरला होता दिवाळीच्या आठवड्यातला. चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ यांच्या शोधात बायका तुटून पडलेल्या. रोज दोन हजार पानं वाचली गेली. त्या सोयीने दोन हजारला तीसने गुणलं, साठ हजार पानं केली, आणि हजाराला आठ डॉलर दर लावला. ४८० डॉलर. डॉलर ८५-९० रुपयांच्या घरात धरला, तर चाळीस हजारांच्या वर.

यात दोन चुका आहेत. पहिली, दिवाळी रोज नसते. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या गृहउद्योगवाल्या काकूंना विचारा. त्या आठवड्याचा गल्ला बाराही महिने मिळेल असं धरून कुणी फ्लॅटचं कर्ज काढतं का? दुसरी, तो आठ डॉलरचा दर अमेरिकेत बसलेल्या वाचकाचा. तिथले जाहिरातदार जास्त मोजतात. आपला वाचक कल्याणचा, साताऱ्याचा, जळगावचा. त्याच्यासाठी जाहिरातदार इतके पैसे मोजत नाही. विषयानेही फरक पडतो. कर्ज, विमा यांच्या मजकुराशेजारची जागा महाग, साबुदाण्याच्या खिचडीशेजारची स्वस्त. हंगामानेही पडतो. दसरा-दिवाळीला कंपन्या हात सैल सोडतात, नवीन वर्ष लागलं की आखडतात.

मग खरा आकडा कुठे? तिच्याच खात्यात होता, तिने नीट पाहिला नव्हता इतकंच. दिवाळी होऊन तीन-चार महिने झालेले. नेहमीच्या महिन्यात तिची पानं वाचली जात होती नऊ हजार. हजारी दर पडत होता साठ रुपये. नऊ साठे पाचशे चाळीस. महिन्याचे पाचशे चाळीस रुपये! वेबसाइटचं नाव आणि इंटरनेटवरची जागा यांचं वर्षाचं भाडं सहा हजार, म्हणजे महिना पाचशे. उरले चाळीस. चाळीस हजार नव्हे, चाळीस रुपये.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मलाही वाईट वाटलं. पण वही पुढे सरकवावीच लागली. कारण अॅडसेन्सचे पैसे खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय बँकेत येत नाहीत. पाचशे चाळीसच्या गतीने तिथे पोचायला सोळा महिने. आणि आजच्या पगाराइतकं, पंचवीस हजार, याच दराने मिळवायचं तर महिन्याला सव्वाचार लाखांच्या आसपास पानं वाचली जायला हवीत. आजच्या सेहेचाळीस पट. वर हे उत्पन्न करपात्र, विवरणपत्रात दाखवावं लागतंच. पगारासोबत येणारा भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा हेही वेबसाइट देत नाही.

आणखी एक नवं संकट आहे. २०२४ पासून आपल्याकडेही गूगलवर काही विचारलं, तर बरेचदा यंत्राने तयार केलेलं उत्तर वरच येतं. ‘वरईचे तांदूळ किती वेळ भिजवायचे’ याचं उत्तर तिथेच मिळालं, तर आपल्या पानावर कोण कशाला येईल? म्हणजे गेल्या वर्षीचे वाचक पुढच्या वर्षी असतीलच, हेही धरून चालता येत नाही.

‘घरबसल्या कमाई’चं हे गाजर काही आजचं नाही. मे २००४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बातमी आली होती. आपल्या देशातल्या मध्यमवर्गीय गृहिणी घरी बसून इंटरनेटवरच्या जाहिरातींवर क्लिक करत होत्या आणि त्याचे डॉलर मिळवत होत्या. वस्तू घ्यायची नाही, बघायचीही नाही, नुसतं क्लिक! जाहिरातदाराच्या खिशातून मात्र खरे पैसे जात होते. अशा खोट्या क्लिकवरून अमेरिकेत खटला झाला आणि २००६ मध्ये गूगलने नऊ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. आता अशी क्लिक पकडणारी यंत्रणा कडक आहे. म्हणून आपल्याच वेबसाइटवरच्या जाहिरातीवर आपण क्लिक करू नये, नणंदेला, मैत्रिणीला ‘रोज दोनदा कर गं’ असं सांगू नये. खातं बंद होतं आणि साठलेले पैसेही हातचे जातात.

त्यानंतर आली ‘स्पीक एशिया’. अकरा हजार रुपये भरा, घरी बसून सर्वेक्षणाचे अर्ज भरा आणि कमवा. २०११ मध्ये त्यावर मुंबई पोलिसांची कारवाई झाली आणि लोकांचे पैसे अडकले. आता मोबाइलवर येतं ते ‘व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा’. आधी शे-दोनशे रुपये खरंच देतात, मग ‘पुढच्या कामासाठी’ आपल्याकडूनच हजारो भरून घेतात. तसं कुणाच्या बाबतीत झालंच, तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. साधी खूण लक्षात ठेवा. जाहिरातीचे पैसे जाहिरातदाराकडून आपल्याकडे यायचे असतात. कमवण्यासाठी कुणी आपल्याकडूनच पैसे मागितले, तर त्या धंद्यातलं गिऱ्हाईक आपण असतो.

वेबसाइट करून लाखो कमवायला शिकवणाऱ्या महागड्या वर्गांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. शिकवू द्या, शिकण्यात कमीपणा नाही. पण फी भरण्याआधी विचारा, ‘तुमच्या स्वतःच्या वेबसाइटला मागच्या बारा महिन्यांत जाहिरातींतून किती मिळाले, ते दाखवता का?’ एका महिन्याचा फोटो नको. तो दिवाळीचा असू शकतो!

मग हे सगळं खोटंच का? अजिबात नाही. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली. आज मराठी घरांत त्यांचं नाव माहीत नाही असं होत नाही. पण त्यामागे वर्षांची मेहनत आहे, आणि पुढे त्यांनी स्वतःचे मसालेही बाजारात आणले. म्हणजे नुसत्या जाहिरातीवर त्याही थांबल्या नाहीत.

यातून मार्ग दिसतो. आपले दिवाळी अंक आठवा. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. अंकाला पान-अर्धं पान जाहिरात देणारा दुकानदार क्लिक मोजत बसत नाही. त्याला गावातल्या माणसांपर्यंत पोचायचं असतं. भाचेसुनेच्या वाचकांत कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या बायका किती, ते खात्यात दिसतं. भाजणीचं पीठ विकणाऱ्या चार गृहउद्योगांनी तिच्या पानावर महिना पाचशे रुपये देऊन जाहिरात केली, तर होतात दोन हजार. गूगलच्या जवळजवळ चौपट, त्याच नऊ हजार पानांवर! त्यासाठी उन्हातान्हात फडके रोडवर दुकानं फिरावी लागतील, नाही ऐकून घ्यावं लागेल. पण तो दर तिने ठरवलेला असेल.

आणि एक गोष्ट त्या अंदाजाच्या सोयीत कुठेच भरावी लागत नाही, ती म्हणजे आपला वेळ. एक पाककृती करून, फोटो काढून, लिहून टाकायला तिला पाच तास लागतात. महिन्याला आठ पाककृती म्हणजे चाळीस तास. उरलेल्या चाळीस रुपयांना भागा. तासाला एक रुपया! ‘घरबसल्या’ या शब्दाचा मला राग आहे तो याचसाठी. घरी कुठली बाई बसलेली असते हो? घरातल्या बाईचा वेळ फुकट, हे आधी घरच्यांनी ठरवलं, मग तेच बाजाराने उचललं. निदान आपण तरी तो हिशेबात धरावा.

राजीनाम्याचं काय झालं, विचाराल. तिने तो फाडला नाही. घडी घालून वहीतच ठेवला आणि वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखले. पानं किती, मिळाले किती, तास किती लागले. बारा महिने लिहायचे. कुठल्या आकड्याला सही करायची तोही तिने ठरवलाय. सलग सहा महिने, दिवाळी सोडून, निव्वळ पंधरा हजार. ‘तेवढ्यात भागवू आम्ही,’ असं नवऱ्यासमोर म्हणाली. तो मान हलवून म्हणाला, ‘आणि तोवर सकाळचे डबे माझ्याकडे.’

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. गुडघ्यावर हात ठेवत म्हणाली, ‘हे आधी सुचलं असतं, तर राजीनामा लिहावासा तरी वाटला असता का तिला?’

यावर मात्र वहीत लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.