परदेशातील रोख्यांची नोकरी आणि घरची तिजोरी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मार्केट यार्डातील माझे एक जुने स्नेही पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. त्यांचे धाकटे चिरंजीव लंडनमध्ये वित्तशास्त्रात एम. एस्सी. झाले आणि तेथीलच एका गुंतवणूक संस्थेच्या रोखे-व्यवहार विभागात त्यांना नोकरी मिळाली. घरात तीन पिढ्या धान्याची आडत. आजोबांनी हुंड्या लिहिल्या, वडिलांनी वायद्याचे चढउतार सोसले. आता नातू थेट लंडनच्या बाजारात जाणार, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. चहा झाला, कागदपत्रांविषयी दोन-चार प्रश्न झाले. उठता उठता ते हसून म्हणाले, "साहेब, एक मात्र बरे झाले. आता बाजाराची खबर घरच्या घरी मिळेल."

त्यांनी ते सहज, विनोदानेच म्हटले होते. मला मात्र हसता आले नाही. त्यांना पुन्हा बसवून घेतले आणि जे सांगितले, तेच या वेळी सदरात मांडत आहे. शैक्षणिक कर्ज, त्याचे तारण, परतफेडीचा काळ याविषयी मागे लिहून झाले आहे, म्हणून तो भाग येथे सोडून देतो.

मुलगा परदेशी निघाला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो जेवणाचा. तो रास्तच आहे. डिसेंबरात लंडनला चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो आणि तेथील शेअरबाजार सकाळी आठ ते दुपारी साडेचार चालतो. म्हणजे चौविहार पाळणाऱ्याने बाजार बंद होण्याआधीच जेवण उरकले पाहिजे! जूनमध्ये हाच सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तरीही मुले मार्ग काढतात. डबा नेतात, ग्राहकांबरोबरच्या मेजवानीत आधीच सांगून ठेवतात. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बारजवळ ओशवाळ समाजाचे मोठे केंद्र आणि देरासर आहे, तेथे ओळखी होतात. या बाबतीत आपली मुले आपल्याला वाटतात त्यापेक्षा पक्की असतात. जो प्रश्न कोणी विचारत नाही, तो तिजोरीचा आहे.

आपल्या घरांत तिजोरी एक असते. थोरल्याच्या नावाचे खाते धाकटा चालवितो, वडिलांच्या डिमॅट खात्याचा पासवर्ड सुनेला ठाऊक असतो, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यावर कोणाची सही चालते हे मुनीमजींनाच माहीत असते. यात लबाडी नसते, विश्वास असतो. याच विश्वासावर आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या. परंतु रोखेबाजारातील नोकरीत, विशेषतः परकी संस्थेत, हाच विश्वास मुलाच्या गळ्याशी येऊ शकतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

माझा सख्खा पुतण्या सहा-सात वर्षांपूर्वी लंडनच्या एका दलाली संस्थेत लागला. निघण्याच्या आदल्या रात्री जेवताना त्याने मला विचारले, "काका, इथल्या डिमॅट खात्याचे काय करू?" मी बँकेच्या परकीय चलन विभागात अकरा वर्षे काढलेला माणूस. नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने निघाल्यापासूनच अनिवासी ठरते, तिचे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलावे लागते आणि डिमॅट खात्यालाही तोच नियम, हे मी शेकडो ग्राहकांना समजावले होते. पण घरच्या पंगतीत बसून मी म्हणालो, "असू दे रे. थोरला बघेल. स्थिरस्थावर झालास की करू सावकाश."

ते सावकाश कधी आलेच नाही. थोरला भाऊ ते खाते आपल्या समजुतीप्रमाणे चालवीत राहिला. दीड वर्षाने पुतण्याच्या संस्थेत कर्मचाऱ्यांचे एक प्रशिक्षण झाले. ते ऐकून तो अस्वस्थ झाला आणि भारतात आपल्या नावाचे एक खाते आहे, हे त्याने आपण होऊन कळविले. संस्थेने खात्याचा संपूर्ण उतारा मागितला. त्यात एका ब्रिटिश समूहाच्या, मुंबई बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे शेअर खरेदी केल्याची नोंद निघाली. त्या समूहाच्या एका सौद्यावर नेमकी हीच संस्था सल्लागार होती आणि खरेदी सौदा जाहीर होण्याच्या बारा दिवस आधीची होती.

पुतण्याला त्या सौद्याची माहिती नव्हती. थोरल्याने खरेदी केली ती सकाळी दहा वाजता, म्हणजे लंडनला पहाटेचे साडेचार, जेव्हा धाकटा झोपेत होता. वर्तमानपत्रात वाचून त्याने ते शेअर घेतले होते. नफा झाला अडतीस हजार रुपये. माहिती फुटल्याचा आरोप संस्थेनेही केला नाही. परंतु स्वतःच्या नावाचे खाते न कळविणे आणि त्यावर पूर्वपरवानगीविना व्यवहार होऊ देणे, एवढे पुरेसे होते. राजीनामा द्यावा लागला. तेथील कामाचा व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वावर असतो. नोकरी सुटली की नवा प्रायोजक शोधण्यास साधारणपणे साठ दिवस मिळतात. आधीच्या संस्थेचा अभिप्राय मागितल्याशिवाय या धंद्यात कोणी घेत नाही. साठ दिवस संपले आणि मुलगा परत आला. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, पण बाजाराचा विषय निघाला की दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत नाहीत. त्या रात्रीचे माझे ते वाक्य दोघांनीही मला कधी ऐकवले नाही. त्यामुळेच ते अधिक लागते.

हे नियम इतके कडक कशासाठी, असे कोणालाही वाटेल. अशा संस्था दुसऱ्यांचे पैसे सांभाळतात आणि मोठमोठ्या सौद्यांची माहिती त्यांना जगाच्या आधी कळते. म्हणून कर्मचाऱ्याने आपली सर्व खाती जाहीर करायची, ज्या खात्यांवर त्याचा ताबा किंवा प्रभाव आहे तीही जाहीर करायची, प्रत्येक खरेदी-विक्रीला आधी परवानगी घ्यायची आणि घेतलेला रोखा ठरावीक दिवस विकायचा नाही. काही कंपन्यांची यादी अशी असते की त्यांच्या शेअरना हातच लावायचा नाही, आणि पुष्कळदा ती का लावली आहे हेही सांगत नाहीत. सौदे करणाऱ्यांचे कामावरचे दूरध्वनी ध्वनिमुद्रित होतात. आपल्या गादीवर मालकाचा मुलगा स्वतःच्या भांडवलावर तेजी-मंदी करतो. तिकडे 'ट्रेडर' म्हणजे परक्या भांडवलावर, घालून दिलेल्या मर्यादेत काम करणारा पगारी नोकर. हा फरक मुलांना पहिल्या आठवड्यात कळतो, वडिलांना पुष्कळदा कळतच नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये एकमताने दिलेला एक निकाल आपल्या प्रत्येक घराने ऐकावा असा आहे. दोन सख्खे भाऊ. एक मोठ्या बँकेत कंपन्यांच्या विलीनीकरणाचे काम पाहणारा, दुसरा बाहेर. आरंभी बोलणे निरुपद्रवी होते. औषध कंपन्यांचे शास्त्र समजून घेण्यासाठी बँकेतला भाऊ दुसऱ्याला विचारी, वडिलांच्या कर्करोगाविषयीही दोघे बोलत. पुढे बाहेरचा भाऊ माहितीसाठी सारखा मागे लागला. एकदा त्याने फोन करून मदत मागितली. बँकेतल्या भावाने पैसे देऊ केले. त्याने पैसे नाकारले आणि माहिती मागितली. भावाने ती दिली. ती पुढे बँकेतल्या भावाच्या मेव्हण्यापर्यंत पोहोचली, त्याने शेअर घेतले आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली. माहिती देणाऱ्याला तिच्या मोबदल्यात काही मिळालेच नाही, मग गुन्हा कसला, असा मेव्हण्याचा बचाव होता. न्यायालय म्हणाले, सौदा करणाऱ्या नातेवाइकाला अशी माहिती भेट देणे हे स्वतः सौदा करून नफा त्याच्या हाती ठेवण्यासारखेच आहे.

मी हा निकाल वाचला तेव्हा ते दोन भाऊ मला परके वाटले नाहीत. अडचणीतल्या भावाला नाही म्हणणे हे आपल्याकडेही पाप मानतात. पण ती माहिती भावाच्या मालकीची नव्हतीच. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ते अदत्त होते. पैसे दिले असते तर कोणीही बोट दाखवले नसते.

ब्रिटनमध्ये या गुन्ह्याची कमाल शिक्षा नोव्हेंबर २०२१ पासून सात वर्षांवरून दहा वर्षांची झाली आहे. आणि आपल्याकडे सर्व मोकळे आहे, असेही कोणी समजू नये. सेबीच्या २०१५ च्या विनियमांत पती-पत्नी, आईवडील, भावंडे व मुले यांपैकी जे आर्थिकदृष्ट्या अवलंबून आहेत किंवा शेअरच्या व्यवहारात त्या व्यक्तीचा सल्ला घेतात, ते सर्व निकटचे नातेवाईक म्हणून मोजले जातात.

आता बँकेच्या खिडकीतल्या दोन गोष्टी. अनिवासी झालेल्या मुलाचे जुने निवासी खाते ओटीपी मागवून इकडे चालविणे ही आपल्याकडील सर्वांत सामान्य चूक. अनिवासी भारतीयाला येथील शेअरबाजारात त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्याची मुभा नाही. जुन्या खात्यावर थोरल्याने असे सौदे केले तर नावावर लागतात ते धाकट्याच्या. आयकराचा १८२ दिवसांचा हिशेब निराळा, परकीय चलन कायद्याचा निराळा. या दोहोंची गल्लत शिकलेली माणसेही करतात. दुसरी गोष्ट पैसे पाठविण्याची. निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते, पण परदेशी बाजारातील सौद्यांचे मार्जिन भरण्यासाठी नाही. "तिकडे मुलगा आहे, त्याच्या हाताने वायद्यात थोडे लावू" असे म्हणत माझ्याकडे अर्ज घेऊन येणारे शेठ मी पाहिले आहेत. अर्जावर ते अर्थात 'कुटुंबनिर्वाह' असे लिहीत.

हे सर्व ऐकल्यावर माझे स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग मी मुलाशी फोनवर बोलू तरी काय?" प्रश्न खरा होता. पंचवीस वर्षे बापलेकांचे बोलणे भावावरच चालले होते. तुरीचा भाव, सोन्याचा भाव, अमुक कंपनी कशी वाटते. मला उत्तर सुचले नाही. मुलाला घेऊन या, एवढेच म्हणालो.

मुलगा तीन आठवड्यांच्या सुटीवर आलेला होता. पुढच्या शनिवारी आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर बसलो आणि कागदावर खाती लिहू लागलो. बचत खाते, डिमॅट, म्युच्युअल फंडाचे दोन फोलिओ, अविभक्त कुटुंबाचे खाते. यादी संपली असे वाटले, तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, आजीच्या डिमॅट खात्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो." आजीचे वय एक्क्याऐंशी. तिचे शेअर नातूच पाहत असे. कॉलेजात असल्यापासून तिच्या वतीने तोच विकत-घेत आला होता. वडिलांना हे ठाऊक होते, पण यादीत घालावे असे त्यांच्या मनात आले नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याही आले नव्हते.

मोबाइल क्रमांक बदलण्याच्या अर्जावर खातेदाराची सही लागते. सोमवारी आम्ही तो अर्ज आजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मुलाकडे पाहत विचारले, "का रे, नातवावर विश्वास नाही का तुझा?"

वडील काही बोलेनात. नातूच पुढे होऊन म्हणाला, "आजी, तुझ्या खात्याला मी हात लावत नाही, हे मला तिकडे लिहून द्यायचे आहे. ते खरे असले पाहिजे."

आजींनी पेन मागितले.